डॅनिश पेस्ट्रीच्या आतलं गोड : रेमोन्सपासून सुरुवात

डॅनिश पेस्ट्री घरी करून बघायची म्हटलं की सगळे जण पिठाच्या मागे लागतात. किती घड्या घालायच्या, बटर किती गार हवं, लाटताना फाटलं तर काय करायचं. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आतल्या गोडाबद्दल मात्र 'आवडीचा जॅम किंवा कस्टर्ड भरा' एवढ्यावर बोळवण होते. डेन्मार्कमधल्या बेकरवाल्याला हे वाक्य पटणार नाही. तिथे आत काय जातं, किती जातं आणि कुठल्या थरात जातं यावरून पेस्ट्रीचं नाव ठरतं.

डेन्मार्कमध्ये या पेस्ट्रीला वीनरब्रॉद म्हणतात, म्हणजे व्हिएन्नाचा पाव. १८५० साली तिथल्या बेकरी कामगारांनी संप केला, मालकांनी ऑस्ट्रियाहून कारागीर आणले आणि त्यांच्याबरोबर यीस्टच्या पिठात बटरच्या घड्या घालायची पद्धत आली, असं सांगतात. संप मिटल्यावर डॅनिश कारागिरांनी ती उचलली आणि बटर वाढवून आपलीशी केली.

या लेखात पिठाची कृती नाही. पीठ जमत नसेल तर साध्या गोड बनचं यीस्टचं पीठ मळा, त्यात घड्या घालू नका आणि सारणांचा हात त्यावर बसवा. डेन्मार्कमधल्या घरांतही दालचिनीच्या गुंडाळ्या बऱ्याचदा अशाच साध्या पिठाच्या करतात, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. बाजारातली तयार पफ पेस्ट्रीची शीट सरावाला चालेल, पण तिच्यात यीस्ट नसतं. ती कुरकुरीत होते, लुसलुशीत होत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा

आपल्याकडे सारण म्हटलं की करंजी डोळ्यांपुढे येते: पारी पातळ, आत ठासून भरलेलं, खुळखुळा वाजली तर करणारीचं नाव खराब. डॅनिश पेस्ट्रीत हिशेब उलटा आहे. इथे पीठच मुख्य आणि गोड त्याच्या थरांमध्ये मुरण्यासाठी असतं. भट्टीत बटर वितळतं, साखर विरघळते, थोडं पिठात शिरतं, थोडं तळाशी उतरून तिथे चकचकीत कुरकुरीत पापुद्रा धरतं. गोड जास्त झालं तर थर उकलत नाहीत आणि पेस्ट्री आतून कच्ची, ओली राहते. ५०० ग्रॅम मैद्याच्या पिठाला साधारण २०० ते २५० ग्रॅम सारण पुरतं. पहिल्यांदा करताना हा आकडा फार कमी वाटेल. तसा वाटू द्या.

सामान

बटर अनसॉल्टेड घ्या. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारट असतं आणि तो खारटपणा साखरेने झाकला जात नाही. घरचं लोणी वापरायचं असेल तर त्यात ताक आणि पाणी किती उरलंय ते बघा. गार पाण्यात दोनतीनदा धुऊन, दाबून, पाणी पूर्ण काढलं तरच ते चालतं, नाहीतर साखर पडताच पाणी सुटतं. तूप नको. तुपात पाणी अजिबात नसतं, ते साखरेला धरून ठेवत नाही आणि भट्टीत सगळं ट्रेवर येतं.

आपली साखर दाणेदार असते. ती तशीच घातली तर कचकच राहते, पूर्ण पिठीसाखर केली तर सारण लवकर पातळ होतं. मिक्सरला दोनतीन झटके देऊन बारीक रव्याइतकी करा. ब्राउन शुगर मिळाली तर दालचिनीच्या सारणात ती छान लागते. गूळ घालायचा मोह मराठी माणसाला होणारच. घाला, पण साखरेच्या निम्म्यापेक्षा जास्त नको आणि तोही कोरडा, पावडर केलेला. गुळात ओल जास्त असते आणि तो लवकर करपतो.

रेमोन्स : पहिला धडा आणि निम्मा अभ्यासक्रम

रेमोन्स म्हणजे बटर आणि साखर एकत्र फेटून केलेलं सारण. डॅनिश बेकरीत ते जवळपास प्रत्येक पेस्ट्रीत असतं, अगदी वरून कस्टर्ड किंवा जॅम दिसत असला तरी खाली पातळ थर रेमोन्सचा. ते कच्चं खायचं नसतं, नेहमी पिठाबरोबर भाजलं जातं. हे एक नीट जमलं की बाकीची सारणं म्हणजे त्यातली भर किंवा त्याचे शेजारी.

साधं रेमोन्स: १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर. बदामाचं रेमोन्स: १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मार्झिपान (बदाम आणि साखर वाटून केलेला घट्ट गोळा). तिन्ही समान, लक्षात ठेवायला काही नाही.

कृती अशी. मार्झिपान आधी किसून घ्या. ते घट्ट असतं, अख्खं टाकलं तर गुठळ्या राहतात आणि मग त्या मोडताना बटर गरम होतं. किसलेलं मार्झिपान आणि साखर हाताने चोळून एकजीव करा. मग मऊ बटर थोडंथोडं घालून लाकडी चमच्याने किंवा उलथण्याने घोटा. केकसारखं हलकं, पांढरं होईपर्यंत फेटत बसू नका. हवा भरली की भट्टीत ते फुगतं आणि बाजूंनी बाहेर पडतं. एकसारखं झालं की थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बटरचा मऊपणा. युरोपातल्या कृतीत 'खोलीच्या तापमानाचं बटर' लिहिलेलं असतं. ती खोली १९-२० अंशांची असते. नागपूरच्या एप्रिलमध्ये किंवा ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये खोलीच्या तापमानाला बटर म्हणजे डबक्यात तरंगणारा गोळा. फ्रीजमधून काढून बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो पण बोटाला चकाकी येत नाही, तेवढ्यावर काम सुरू करा. तयार रेमोन्स पिठावर पसरता येईल इतकं मऊ पण ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. पातळ वाटलं तर पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. फार कडक झालं तर पसरताना पीठ फाडतं, तेव्हा परत थोडं घोटा.

रेमोन्स गळतं अशी तक्रार असेल तर १०० ग्रॅम बटरमागे एक मोठा चमचा मैदा किंवा कोरड्या केकचा बारीक चुरा मिसळा. तो सुटलेलं बटर आणि साखरेचा पाक शोषून घेतो. शिळ्या केकची सोय लागते हा वरचा फायदा.

मार्झिपान विकत की घरी

डेन्मार्कमध्ये हा प्रश्न कोणाला पडत नाही. ओडेन्स शहरातली एक कंपनी १९०९ पासून मार्झिपान बनवते आणि ते दुकानादुकानांत मिळतं. बेकिंगसाठी वापरतात ते कच्चं मार्झिपान, ज्यात साखरेपेक्षा बदाम जास्त असतात. आपल्याकडे केक सजवायला मिळणारं रंगीत मार्झिपान वेगळं: त्यात साखरच फार. त्याचं रेमोन्स केलं तर पाक होतो.

घरी करणं अवघड नाही. २०० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सोला. कापडावर पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या, हा टप्पा गाळू नका. १०० ग्रॅम पिठीसाखरेबरोबर मिक्सरमध्ये फिरवा, सलग नाही, थांबत थांबत. सलग फिरवलं की बदामाचं तेल सुटतं आणि पीठ तेलकट गोळा होतं. बारीक झालं की एक ते दीड मोठा चमचा पाणी आणि बदामाच्या इसेन्सचे दोनतीन थेंब घालून मळा. इसेन्स कशाला? युरोपातल्या मार्झिपानला जो ओळखीचा वास येतो तो कडू बदामाचा. आपल्या गोड बदामात तो नसतो. इसेन्स जास्त पडला तर मात्र औषधी वास येतो, तेव्हा थेंबच मोजा. गोळा गुंडाळून फ्रीजमध्ये दोन आठवडे राहतो.

काजू घालून बघू का, असं कोणीतरी विचारणारच, कारण काजूकतली आपल्या हातची. चव चांगलीच लागेल, पण काजूचं सारण भट्टीत जास्त मऊ पडतं आणि चवही बदामासारखी उठून येत नाही. पहिल्यांदा बदामच वापरा.

दालचिनी

५०० ग्रॅम मैद्याच्या पिठाला १२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम साखर आणि दीड मोठा चमचा दालचिनी पूड. चिमूटभर मीठ. डब्यातली पूड जुनी असेल तर टाकून द्या आणि ताज्या काड्या दळा.

कोणती दालचिनी, हा प्रश्न डेन्मार्कमध्ये सरकारदरबारी गेला होता. जाड सालीच्या कॅसिया दालचिनीत कौमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते फार प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रासदायक. म्हणून युरोपीय संघाच्या नियमात गोड बेकरी पदार्थांसाठी किलोमागे १५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पारंपरिक किंवा सणाच्या दालचिनीच्या पदार्थांना मात्र ५० मिलिग्रॅमपर्यंत सूट. २०१३ च्या शेवटी डेन्मार्कच्या अन्नविभागाने कनेलस्नाइल, म्हणजे दालचिनीची गोगलगाय, पहिल्या गटात धरली आणि बेकरीवाल्यांनी एकच ओरडा केला. शेजारच्या स्वीडनमध्ये तीच वस्तू पारंपरिक म्हणून सुटते आणि आमची रोजची गुंडाळी कशी अडकते? पुढे २०१४ मध्ये डेन्मार्कनेही तिला पारंपरिक मानलं आणि प्रकरण मिटलं.

आपल्यासाठी व्यवहार एवढाच. वाण्याकडे मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची साल म्हणजे कॅसिया. पातळ, अनेक पदरांची, बोटाने सहज मोडणारी सुरळी म्हणजे खरी दालचिनी. कोकणात घराच्या परसात दालचिनीचं झाड असलेले लोक आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जातही दिली आहे. अशी साल मिळाली तर सोनंच. तिची चव सौम्य असते, म्हणून पूड थोडी वाढवा. कॅसिया तिखट लागते, तिला दीड चमच्याच्या पुढे नेऊ नका.

वेलची घालावी का? डॅनिश पेस्ट्रीच्या पिठात बऱ्याचदा चिमूटभर वेलची असते, आणि वेलचीची रेमोन्सही हल्ली खूप दिसते. ताजी कुटा, जरा जाडसर ठेवा.

केएक्रेम, म्हणजे कस्टर्ड

पेस्ट्रीच्या मधोमध पिवळा ठिपका दिसतो तो हा. भट्टीत जाणारं कस्टर्ड वाटीत खायच्या कस्टर्डपेक्षा घट्ट हवं.

२५० मिली दूध, ३ अंड्यांचे पिवळे बलक, ५० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धी व्हॅनिलाची शेंग किंवा चमचाभर इसेन्स, १५ ग्रॅम बटर.

शेंग चिरून दाणे दुधात घाला आणि दूध उकळीला आणा. भांड्यात बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर घोटून घ्या, गुठळी नको. गरम दूध बारीक धारेने ओतत सतत हलवा. एकदम ओतलं तर बलकाची भुर्जी. मग सगळं जाड बुडाच्या पातेल्यात परत घालून मध्यम आचेवर, तळाला उलथणं घासत शिजवा. दाट व्हायला लागलं की नवखे लगेच गॅस बंद करतात. तिथेच घात होतो. बुडबुडे फुटायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. बलकात स्टार्च मोडणारं एक विकर असतं. ते पुरतं निकामी झालं नाही तर रात्री घट्ट दिसणारं कस्टर्ड सकाळी पाणी सोडून बसतं. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे उकळल्याने बलक फाटत नाही, घाबरू नका.

खाली उतरवून बटर (आणि वापरत असाल तर इसेन्स) घाला. उथळ ताटात पसरा, प्लास्टिकची फिल्म थेट कस्टर्डला चिकटवून झाका म्हणजे साय धरणार नाही, आणि लवकर फ्रीजमध्ये टाका. ओट्यावर तासन्‌तास ठेवायचा हा पदार्थ नाही. दोन दिवसांत संपवा. वापरण्याआधी जोरात घोटा, तेव्हा परत गुळगुळीत होतं. पिठावर पूर्ण गारच घालायचं. कोमट असेल तर खालचं बटर वितळून थर चिकटतात.

अंडं चालत नसेल तर २५० मिली दुधाला ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ५० ग्रॅम साखर, २० ग्रॅम बटर आणि रंगापुरतं केशर. किंवा सरळ डब्यातली कस्टर्ड पावडर, जी मुळात कॉर्नफ्लोअर, रंग आणि वासच आहे. चव अंड्याइतकी भरीव नाही येत, पण भट्टीत टिकते.

जॅम आणि फळं

यात फार काही नाही. बाटलीतला जॅम तसाच भट्टीत गेला की उकळतो, बाहेर येतो आणि करपतो. २०० ग्रॅम रासबेरी किंवा स्ट्रॉबेरी, १०० ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस शिजवून, शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला आणि उकळी येऊ द्या. थंड ताटलीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा, रेघ मिटली नाही तर झाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या दिवसांत हे करून ठेवण्यासारखं आहे. सफरचंदाचा आणि सुक्या आलुबुखाराचा गरही डेन्मार्कमध्ये जुना आहे. सफरचंद शिजवून पाणी आटेपर्यंत परता. आलुबुखार थोड्या पाण्यात मऊ करून वाटा, त्याला साखर लागतच नाही.

डब्यातलं अननस आणि चेरी लावलेली 'डॅनिश' आपल्या बेकऱ्यांत दिसते, अमेरिकेत क्रीम चीज भरतात. खायला हरकत नाही, पण ती त्या त्या देशाची भर.

आता भरायचं कसं

स्पांडाउअरपासून, म्हणजे मधोमध कस्टर्डचा किंवा जॅमचा ठिपका असलेल्या पेस्ट्रीपासून सुरुवात करा, कारण हिच्यात तीन गोष्टींचा हात एकदम बसतो. पीठ ३ मिलिमीटर जाड लाटून १० सेंटिमीटरचे चौकोन कापा. मध्ये लहान चमचाभर बदामाचं रेमोन्स. चारही कोपरे मध्यावर आणून बोटाने पार पोळपाटापर्यंत घट्ट दाबा. हळुवारपणा इथे कामाचा नाही, कोपरे भट्टीत उघडतातच. फुगायला ठेवा, पण २७-२८ अंशांच्या वर नको, नाहीतर थरातलं बटर आतच वितळेल. उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. फुगल्यावर मध्य परत दाबून खड्डा करा आणि त्यात मोठा चमचाभर कस्टर्ड किंवा जॅम घाला. कडांना दूध किंवा अंडं लावून बदामाचा किंवा हेझलनटचा चुरा भुरभुरा. २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. गंमत म्हणजे डॅनिश लोक हिला 'बेकरचा वाईट डोळा' असंही म्हणतात. मधला पिवळा किंवा लाल ठिपका बघितला की कळतं.

कनेलस्नाइलसाठी पीठ आयताकार लाटा, दालचिनीचं रेमोन्स अगदी पातळ पसरा, लांब कडेला बोटभर जागा कोरडी सोडा आणि सुरळी करा. कापण्याआधी सुरळी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली तर चकत्या गोल राहतात. सुरीपेक्षा दोरा चांगला कापतो. शेपूट चकतीखाली दाबून ठेवा. कोपनहेगनमधल्या सांक्ट पेदर्स बेकरीची, जी १६५२ पासूनची आहे, मोठाली 'बुधवारची गोगलगाय' प्रसिद्ध आहे. तुम्ही मात्र तळहातापेक्षा लहानच करा, मोठी आतून भाजायला वेळ लागतो.

तेबिर्केसमध्ये बदामाचं रेमोन्स पट्टीवर पसरून पट्टीच्या घड्या घालतात आणि वरून खसखस दाट लावतात. साखर कमी, म्हणून चहाबरोबर ही माझी सगळ्यात आवडती. भरपूर गोडाची हौस असेल तर स्मोरकेए करा: डब्याच्या तळाला पिठाचा थर, त्यावर कस्टर्ड, वर रेमोन्सच्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटून. क्रिंगल नावाच्या मोठ्या पेस्ट्रीमध्ये रेमोन्सबरोबर बेदाणे आणि साखरेत मुरवलेली लिंबाची साल जाते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला डॅनिश लोक स्थायिक झाले तेव्हा क्रिंगल बरोबर गेली आणि २०१३ मध्ये ती त्या राज्याची अधिकृत पेस्ट्री झाली. तिथे मात्र आत बऱ्याचदा पेकान, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा, भरतात.

ट्रे बघून निदान

ट्रेवर पिवळं तेल साचलंय आणि पेस्ट्री कोरडी: फुगवताना गरम झालं. हा दोष पिठाच्या बटरचा, सारणाला बोल लावू नका. तपकिरी चिकट पाक साचलाय: रेमोन्स जास्त पडलं किंवा साखर फार बारीक होती. थोडा पाक मात्र हवाच, तळाची ती कुरकुरीत कड काही जण आधी खातात. कस्टर्डला भेगा पडल्या तर भट्टीत जास्त राहिली. मधलं पीठ कच्चं आणि कडा लाल असतील तर तापमान १० अंशांनी कमी करून वेळ तीनचार मिनिटांनी वाढवा आणि पुढच्या खेपेला सारण चतुर्थांशाने घटवा.

रेमोन्स फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये तीन महिने राहतं, म्हणून ते एकदाच जास्त करून ठेवा. कस्टर्ड फ्रीझरमध्ये टाकू नका, विरघळताना फुटतं.

वरची पांढरी आयसिंग १०० ग्रॅम पिठीसाखर आणि मोठा चमचाभर गरम पाणी इतकीच. पेस्ट्री पूर्ण गार झाल्यावर, ठिपक्याभोवती गोल फिरवून घाला. गरम असताना घातली तर ती पारदर्शक होऊन खाली ओघळते.